संकर नाही

संग्रहालयात तिला सगळे डिंकबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की डिंकबाई. त्याचं एक कारण सरळ होतं. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची, कागद कपाटात लावायचे आणि ती कपाटं जिवापाड सांभाळायची, हे तिचं खातं. हाताचा डिंकाचा वास साबणालाही हटत नसे. दुसरं कारण तिच्याशी एकदा वाद घातलेल्या कोणालाही विचारावं. ही बाई एखाद्या गोष्टीला चिकटली की चिकटली, ओढून काढायला जाणाऱ्याचीच कातडी निघायची. बाईमाणसाने एवढं हट्टी असू नये असं ज्यांचं मत असेल, त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

कागद चिकटवते म्हणून तिला कोणी कमी लेखायचं कारण नव्हतं. तिने वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट केली होती, तीही लेक शाळेत जायला लागल्यावर, घर आणि सासू दोन्ही सांभाळून. ज्यांच्या हाताखाली ती केली, ते सर आता संग्रहालयाचे प्रमुख होते. घटपर्णीतला त्यांचा शब्द जगभर शेवटचा मानला जाई. घटपर्णी म्हणजे किडे खाणारी वेल. तिच्या पानाच्या टोकाला झाकणाची सुरई लोंबते, किडा काठावरून घसरून आतल्या पाण्यात पडतो आणि तिथेच जिरतो. या वेलीच्या पंधराएक जातींना सरांनी नावं दिली होती. डिंकबाईला जे काही येत होतं त्यातलं निम्मं सरांनी शिकवलेलं, आणि हे ती कोणालाही सांगायची. सर खूश असले की तिला अगंतुगं करत. रागावले की अहोजाहो.

आणि मग डोंगरमाथ्यावरच्या त्या वेलीपायी ते तिला कायमचंच अहोजाहो करायला लागले.

ती वेल तिला एका उंच डोंगराच्या अगदी धारेवर सापडली. दिवसभर ढगात बुडालेली, शेवाळाने भरलेली ती धार, वरचा सपाट तुकडा शाळेच्या मैदानाएवढा. तिथे झुडपांच्या बुडाशी गुडघाभर उंचीच्या घटपर्णी बसल्या होत्या. सुरई बसक्या पोटाची, तोंड मागे कललेलं, झाकण जिभेसारखं अरुंद. डिंकबाईने गुडघे टेकले, झाकण बोटाने वर केलं आणि आतून बघितलं. आतल्या बाजूला दाट तपकिरी लव होती, मांजराच्या कानामागे असते तशी. आजवर पाहिलेल्या एकाही घटपर्णीच्या झाकणाला तिने अशी लव पाहिली नव्हती. ती चिखलात तशीच बसून राहिली आणि चक्क हसायला लागली.

एक फांदी तिने आणली, दाबून वाळवली, कागदावर चिकटवली. एक पिकलेलं बोंड आणलं, त्यात केसांच्या कापल्या तुकड्यांसारखं बारीक बी होतं. सरांनी कागद भिंगाखाली धरला, मिनिटभर पाहिला आणि चिठ्ठी लिहिली: "संकर." डोंगराच्या खालच्या उतारांवर दोन साध्या जाती वाढतात. एकीचं पोट बसकं, दुसरीचं झाकण अरुंद. दोघींची सोयरीक झाली, हे त्यांचं पोर. सरांचं म्हणणं वेडगळ मुळीच नव्हतं. घटपर्णींमध्ये असले संबंध सर्रास जुळतात.

"सर, झाकणाला आतून लव आहे," ती म्हणाली. "खालच्या दोघींनाही नाही. दोघांच्या घरात नाही ते पोरात कुठून येईल?"

"दाखव."

आणि इथे तिची बोबडी वळली. संग्रहालयाची जुनी शिस्त अशी, की झाकण नेहमी पाठ वर करून चिकटवायचं, म्हणजे शिरा नीट दिसतात. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या हाताने तेच केलं होतं. लव खाली, कागदाकडे, डिंकात. डिंकबाईने स्वतःचा पुरावा स्वतःच्या डिंकाने गाडला होता. तिने वाफ देऊन एक कोपरा सोडवून पाहिला, तर लव कागदालाच राहिली आणि झाकण टकलं होऊन वर आलं.

"तुम्ही म्हणता म्हणून असेल," सर म्हणाले. "पण दिसत नाही ते मी लिहीत नाही." तिथे तुम्ही सुरू झालं.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी. कागदावर एखाद्या जाणकाराने आपल्या मताची चिठ्ठी लावली की ती कोणी फाडायची नाही, खोडायची नाही. मत पटलं नाही तर आपली चिठ्ठी शेजारी लावायची, खाली सही, तारीख. शंभर वर्षांची भांडणं त्या कपाटांमध्ये अशी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने झोपलेली असतात. मात्र प्रमुखांच्या चिठ्ठीशेजारी त्यांच्याच विद्यार्थिनीने चिठ्ठी लावल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. डिंकबाईने लावली: "संकर नाही."

सरांनी महिन्याने लावली: "संकरच."

तिने लावली: "कशावरून?"

चिठ्ठीवर प्रश्न विचारायचा नसतो, तिथे फक्त मत द्यायचं असतं. साऱ्या संग्रहालयात खसखस पिकली. कपाटांच्या खोलीत लोक काही ना काही निमित्त काढून यायचे आणि तो कागद बघून जायचे. सर हसले नाहीत. त्यांनी चौथी चिठ्ठी लावलीच नाही, तो कागद संकरांच्या फाइलीत घातला आणि त्या डोंगरावर पुन्हा जायच्या तिच्या परवानगीच्या अर्जावर सही करायचं सोडून दिलं. संग्रहालयाच्या सहीशिवाय तिथून कोणाला एक पानही आणता येत नव्हतं.

राहिलं बी. ते तिच्याकडे होतं.

संकराची पारख त्याच्या लेकरांत होते. संकराचं बी पेरलं तर पोरं दहा दिशांना जातात, कोणी या आजीवर, कोणी त्या आजीवर. अस्सल जातीचं बी पेरलं तर सगळी आईवर जातात. तेव्हा बी पेरायचं, वाढवायचं आणि बघायचं. बोलायला सोपं आहे. या वेलीला दिवसा गारवा लागतो, संध्याकाळनंतर चांगलीच थंडी लागते, आणि डिंकबाईचं घर होतं सखल भागातल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली.

नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. त्याच्या कामाच्या जागेत दुकानातलं, काचेच्या दाराचं, थंड बाटल्या ठेवायचं एक कपाट धूळ खात पडलं होतं. ते त्याने मित्रांना हाताशी धरून जिन्यावरून वर चढवलं, आत पांढऱ्या नळ्या बसवल्या, फवारा बसवला, दिवस आणि रात्र वेगळी ठेवणारं बटण जोडलं.

"हे घे तुझा डोंगर," तो म्हणाला. "वर चढायला लागलीस तर मात्र गॅरंटी नाही."

कपाट बाहेरच्या खोलीतच मावत होतं, म्हणजे सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी. सासूबाईंनी ते घर्रर्र आवाज करणारं धूड एक दिवस सहन केलं.

"घरातल्या माणसांना पंखा आणि झाडांना थंड हवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या जन्मी तुझ्या घरी पालापाचोळा होऊन येते."

"या की, आई. खालचा कप्पा रिकामा आहे."

अशा सासूसुना होत्या त्या. वरून कुरकुर चालायची, आतून एकमेकींवाचून चालत नव्हतं. बी रुजायलाच ऋतू पालटला. पहिली सुरई आली ती तांदळाच्या दाण्याएवढी. वर्षं गेली. लेकीचं लग्न झालं, नवऱ्याचे केस पिकले, कपाटाचं यंत्र दोनदा बदललं. संग्रहालयात डिंकबाई इतरांची झाडं चिकटवत राहिली, आता प्रत्येक घटपर्णीचं एक झाकण पाठ वर आणि एक पोट वर असं. नव्या शिस्तीला परवानगी कोणी दिली, असं सरांनी विचारलं. "मी," ती म्हणाली.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा सगळा दिवस त्या काचेसमोर जायला लागला. त्यांनी झाडांना पहिली, दुसरी, धाकटी अशी नावं पाडली. एके दिवशी डिंकबाई कामावरून येऊन चपला काढते तोच त्या म्हणाल्या, "तुझ्या सरांना सांग, सगळी एका वळणाची निघालीत. एकही शेजाऱ्यावर गेलेलं नाही."

ते तर डिंकबाईला कधीच दिसलं होतं. रोज ती झाकणं उचलून बघायची. एकूण एक झाकणाला आतून लव होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती तिथेच पलंगावर बसली.

त्याच सुमारास डोंगरावर नोटीस लागली. वर जायला रोपवेचा झुलता पाळणा होणार, आणि त्याचं वरचं स्थानक नेमकं त्या धारेवर. स्थानक, गच्ची, उपाहारगृह, सगळं त्या शाळेच्या मैदानाएवढ्या तुकड्यावर. हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं. कायद्यात जपण्यासारख्या जातींची यादी असते, आणि त्या यादीत रीतसर नाव छापलेल्या जातीलाच जागा मिळते. संकराला नाव नसतं. संकर म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गवत. सरकारने संग्रहालयाचं मत मागवलं, आणि ते मत सर देणार होते.

ती दोन कुंड्या थंड पेटीत घालून सरांच्या खोलीत गेली. टेबलावर ठेवल्या, झाकण वर करून दाखवलं. सरांनी भिंग उचललं नाही.

"फ्रीजमध्ये वाढवलेल्या झाडावरून मी डोंगरावरच्या झाडाबद्दल बोलू?"

"बघा तरी, सर."

"बाई, या लवेवर जात ठरवायची म्हटली तर मला माझी सगळी झाकणं उलटी करून बघावी लागतील. पंधरा जाती. सगळ्या वाळलेल्या कागदांवरून केल्यात. सगळी झाकणं पाठ वर. त्यातली निम्मी तुमच्याच हातची." त्यांनी भिंग खणात सरकवलं. "मी निवृत्त होतोय पुढच्या वर्षी."

म्हणजे त्यांना कळलं होतं. डिंकबाईला त्यांची कीव आली, खरंच आली, आणि त्याच वेळी असा संताप आला की कानशिलं तापली. एका माणसाची निवृत्ती सुखाची व्हावी म्हणून एक अख्खी जात सिमेंटखाली जाणार होती.

"मग मीच नाव देते," ती म्हणाली.

"संग्रहालयाचा कागद वापरता येणार नाही. संग्रहालयाच्या नावाने बोलताही येणार नाही."

"घरची झाडं आहेत. घरच्या नावाने बोलेन."

नवीन जातीला नाव द्यायचं तर ते छापावं लागतं, आणि त्यासोबत एक मूळ नमुना कुठल्यातरी मान्य संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. शेजारच्या शहरात तिची वर्गमैत्रीण कॉलेजात प्राचार्य होती. कॉलेजचा संग्रह म्हणजे दोन लोखंडी कपाटं, पण मान्यता रीतसर. मैत्रीण लगेच हो म्हणाली. वर एक शहाणपणाचा सल्लाही दिला.

"नाव सरांचं दे. आपल्यात रीतच आहे, गुरूचं नाव द्यायचं. स्वतःच्या नावाच्या झाडाला ते विरोध करणार नाहीत. तुझं कामही होईल, त्यांचा मानही राहील."

डिंकबाईने खरोखर एक दिवस विचार केला. सोपं होतं, कोणाचं काही जात नव्हतं. मग संध्याकाळी तिने फोन केला.

"ज्यांनी तिला बघायलाही नकार दिला, त्यांचं नाव तिने जन्मभर का लावायचं? नाही देणार."

"मग काय देणार?"

"पर्टिनॅक्स. लॅटिनमध्ये म्हणजे हट्टी. धरलेलं न सोडणारी."

"म्हणजे स्वतःचंच दिलंस की," मैत्रीण म्हणाली.

आता उरला मूळ नमुना. नियम असा, की नमुना जिवंत चालत नाही. कुंडीतलं झाड दाखवून भागत नाही. झाड कापायचं, दाबायचं, वाळवायचं, तेव्हा त्या नावाला आधार मिळतो. तोही पूर्ण हवा, मुळासकट, फुलासकट. कपाटात फुलावर आलेली एकच होती. सासूबाईंची पहिली.

रविवारी दुपारी तिने ओट्यावर टीपकागद अंथरले, चिमटे मांडले, ब्लेड नवीन काढलं. नवऱ्याने ते बघितलं, गिऱ्हाइकाच्या फ्रीजचा गॅस भरायचा राहिलाय असं काहीतरी पुटपुटला आणि सटकला. रविवारी तो कोणाच्या बापाचा गॅस भरत नसे. सासूबाई भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"दुसरी नाही चालायची?"

"फूल हिलाच आलंय, आई."

"मग मी धरते."

त्यांनी देठ दोन बोटांत धरलं. डिंकबाईने मुळांची माती धुतली, सुरईतलं पाणी ओतून टाकलं. त्यात एक डास आणि दोन मुंग्या होत्या. सुरई उभी चिरली, आत कापूस भरला. एक झाकण पाठ वर ठेवलं, दुसरं पोट वर. लव नीट दिसत होती. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. इतकी वर्षं हिला थंडी मिळावी म्हणून विजेची बिलं भरली, यंत्रं बदलली, लेकीच्या लग्नाच्या गर्दीतही फवारा चुकवला नाही, आणि आता आपल्याच हाताने ही चिरफाड. बरं, कशासाठी? तर हिच्या बहिणींना कायद्याने गवत म्हणू नये म्हणून. असल्या नियमाला तिने तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी दिली. सासूबाईंना ती ऐकू गेली असावी. सगळं आवरल्यावर त्यांनी फक्त रिकामी कुंडी धुवायला मागून घेतली.

लेख छापून आला सुनावणीच्या जेमतेम आधी. संग्रहालयातून नोटीस आली: प्रमुखांच्या मताविरुद्ध जाहीर बोलल्यास खात्यातून बदली होईल. तिने नोटिशीवर पोच म्हणून सही केली आणि सुनावणीच्या दिवसाची रजा टाकली.

सुनावणीची खोली लांबट होती, खुर्च्या प्लास्टिकच्या. समोर अधिकारी, बाजूला टंकलेखक, उजवीकडे पाळण्याच्या कंपनीचा वकील, डावीकडे सर. डिंकबाई आपला छापील लेख आणि कॉलेजातून आणलेला कागद घेऊन उभी राहिली. सरांनी शांतपणे मत मांडलं: हा संकर आहे असं त्यांना वाटतं.

"पण बाईंनी तर नाव छापलंय," अधिकारी म्हणाले. "हे नाव चालतं की नाही?"

सरांनी छापील लेख पुढे ओढला. नाही म्हणायला त्यांना काहीच लागत नव्हतं, त्या खोलीत त्यांना खोटं ठरवणारं कोणी नव्हतं.

"नियमाने नाव वैध आहे," ते म्हणाले. "नमुना आहे, वर्णन आहे. माझं मत वेगळं आहे, एवढंच."

"कायद्याला काय लागतं, मत की नाव?"

"नाव."

डिंकबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

मग वकील उठला. हुशार होता. लेख त्याने वाचला होता, आणि त्यातली नेमकी ओळ त्याने शोधली होती.

"बाई, ही वेल जगात याच डोंगरावर आहे म्हणता?"

"हो."

"फार तर शंभरेक झाडं?"

"फार तर."

"आणि त्या जातीचं एक फुलावर आलेलं झाड तुम्ही स्वतःच्या हाताने, मुळासकट मारलंत. बरोबर?"

खोलीत कुजबुज झाली. ते खरं होतं, आणि घरातलं कोणीही त्यानंतर ते तोंडाने बोललं नव्हतं.

"बरोबर," ती म्हणाली. "मी मारलं. पण ते लपवलं नाही. कागदावर माझं नाव आहे, माझी सही आहे, तारीख आहे. उद्या कोणालाही वाटलं तर कपाट उघडून बघता येईल की हे झाड कोणी मारलं आणि कशासाठी. तुम्ही बाकीच्यांवर सिमेंट ओतणार आहात. त्यांच्याखाली सही कोण करणार? तुम्ही करता? करा." तिने पर्समधून पेन काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "करा सही. मी लगेच खाली बसते."

वकिलाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं, मग आपल्या फाइलीकडे. पेनला त्याने हात लावला नाही. अधिकारी बराच वेळ लेखातला नकाशा बघत होते. मग त्यांनी टंकलेखकाला निकाल सांगायला सुरुवात केली. माथ्यावर खोदकाम होणार नाही. स्थानक खालच्या टप्प्यावर न्यावं, नाहीतर पाळणा सोडून द्यावा. कारण पुढीलप्रमाणे.

लोक उठायला लागले. सर आपली पिशवी घेऊन दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "तो लव दिसणारा कागद मला बघायचाय."

"उद्यापासून परत कॉलेजच्या कपाटात असेल, सर. अर्ज करा, बघायला मिळेल."

ते गेले. बदलीचा हुकूम येणार हे तिला माहीत होतं, बहुधा बियांच्या कोठारात, तळघरात. येऊ दे. तिने निकालाचा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने वाचला. मग तो टंकलेखकापुढे परत ठेवला.

"नाव चुकलंय. पर्टिनॅक्स. तुम्ही एक अक्षर खाल्लंय."

टंकलेखकाने यंत्रावर झाकण घातलं होतं. "एका अक्षराने काय होतंय, बाई? जेवायची वेळ झालीय."

"एका अक्षराने तिला कायद्यात जागा मिळत नाही," डिंकबाई म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "तुम्ही जेवून या. मी थांबते."